फलकावर बुलसार लिहायचं का?

सुरतेत क्वीन या रॉक बँडच्या चाहत्यांचं संमेलन भरवायचं भाचीच्या मनात आलं आणि ती पहिल्यांदा मामांकडे गेली. त्यात नवल काही नाही. मामा लिंबायतमधल्या एका गणेश मंडळाचे जुने कार्यकर्ते आहेत. तरुणपणी अमळनेरहून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरनं इथे आले, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये रंगाच्या खात्यात राबले, आता निवृत्त आहेत. मंडप, पोलीस परवानगी, साउंडवाला, वर्गणी, रुसलेले कार्यकर्ते हे सगळं त्यांना तोंडपाठ. भाची इथेच जन्मली, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, आता साड्यांची डिझाइनं काढते आणि दिवसभर कानात क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी. दोघांची नावं लिहीत नाही. दोघांनाही छापून यायची हौस नाही. मी मध्ये बसलो होतो, चहा पीत आणि अधूनमधून तोंड घालत.

मामा : आधी हे सांग, माणसं किती येतील?

भाची : शंभर आली तरी पुष्कळ झाली.

मामा : शंभर? अगं माय, एवढी तर आमच्या गल्लीतली पोरं प्रसादाला येतात. लोक गोळा करायचे तर त्यांना कारण द्यावं लागतं. तुझ्याकडे कारण आहे आणि तू ते दडवून ठेवतेस. वलसाड! गाडीनं तास-सव्वा तास. तुझ्या फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा, बाप बोमी बुलसारा मूळचा तिथला, आणि वलसाडला इंग्रज म्हणायचे बुलसार. आडनावातच गाव आहे. मोठा फलक लाव, 'दक्षिण गुजरातचा सुपुत्र'. नगरसेवक येतील, पारशी मंडळी येतील, पेपरात फोटो येईल. शंभराचे हजार होतील.

भाची : मामा, तो वलसाडला जन्मलाच नाही. ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते.

मामा : जन्म कुठेही होवो. माझा नातू उधन्याच्या दवाखान्यात जन्मला म्हणून तो खानदेशी नाही का?

भाची : तुमच्या नातवाला विचारा. तो स्वतःला सुरती म्हणतो.

यावर मामा गप्प बसतील असं मला वाटलं होतं. ते गप्प बसणारे नव्हेत.

मामा : बरं, वलसाड सोड. पाचगणी घे. तू मागे म्हणाली होतीस, तो पाचगणीला शिकला. पाचगणी म्हणजे सातारा जिल्हा. म्हणजे महाराष्ट्राचा. आपला मराठी समाज इथे एवढा मोठा, उधना, डिंडोली, लिंबायत. 'साताऱ्याच्या मातीत घडलेला गायक' म्हटलं तर...

भाची : साताऱ्याच्या मातीत नाही, सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात. १९५५ साली आठ वर्षांचा असताना आईबापांनी झांझिबारहून पाठवून दिला. आईबाप समुद्रापलीकडे आणि हा पोरगा पाचगणीच्या धुक्यात. तिथे सोबतची मुलं त्याला फ्रेडी म्हणायला लागली. तिथे तो पियानो शिकला. १९५८ साली पाच जणांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. त्या पाचांपैकी फारांग इराणींनी पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, डेरिक ब्रँच इंग्लंडात नट झाले. आणि गंमत म्हणजे त्या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हताच. ब्रूस मरे गायचा, हा मागे पियानोवर.

मामा : हे सांग ना मग लोकांना!

भाची : सांगणारच आहे. तासभराचं एक सत्रच ठेवलंय त्यावर. पण सांगणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव चढवणं वेगळं. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला गेलं, लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टममध्ये राहिलं. पुढे त्यानं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि मुलाखतींतून आयुष्याच्या या भागाबद्दल तो फारसं बोलला नाही. ज्यानं स्वतः दार लोटून घेतलं त्याच्या दाराला आपण तोरण बांधायचं?

मला भाचीचं हे म्हणणं अर्धंच पटलं. माणूस ज्याच्याबद्दल बोलत नाही ते त्याला नको असतंच, असं काही नाही. त्या काळच्या इंग्लंडात पॉप गाणाऱ्या पोरानं बुलसारा नाव मिरवणं किती सोपं होतं, हेही पाहायला हवं. आणि लंडनला त्याचे अंत्यसंस्कार झाले ते पारशी मोबेदांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या हातून. मी एवढं म्हणालो तर मामांना जोर आला.

मामा : ऐक! मोबेदांच्या हातून! मग एक बस करू, सगळ्यांना उदवाड्याच्या अग्यारीत नेऊ, इराणशाहचं दर्शन.

भाची : पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत, मामा. आपण बाहेर उभं राहून काय करणार, सेल्फी? त्यांच्या पवित्र जागेत आपला बँड घुसवायचा नाही.

मामा : हं. हे बरोबर आहे. कुणाच्या देवळाशी वाद नको.

भाची : आणि हक्कच सांगायचा तर रांग मोठी आहे. स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रोला तळ्याकाठी १९९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे, दर सप्टेंबरात तिथे उत्सव होतो. फेल्टमच्या घरावर २०१६ मध्ये निळी पाटी बसली. झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये २०१९ पासून म्युझियम आहे. त्या रांगेत वलसाडचं आडनाव घेऊन आपण शेवटी उभं राहायचं? त्यापेक्षा शिलाँगचं बघा. लू माजॉ नावाचा गायक १९७२ पासून दर २४ मे रोजी तिथे बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करतो. डिलनचा शिलाँगशी संबंध काय? आजा नाही, पणजा नाही, आडनाव नाही. माणसाला गाणी आवडली, त्यानं वाढदिवस केला. पुढे शहरानंच तो दिवस आपला मानला.

इथे मला सवाई गंधर्व महोत्सव आठवला. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, धारवाडकडचे. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात त्यांच्या नावानं उत्सव सुरू केला. आज तिथे रांगा लावणाऱ्या किती पुणेकरांना कुंदगोळ नकाशावर दाखवता येईल? ऐकणारे जमले, एवढ्यावर उत्सव टिकला. मी हे बोललो तेव्हा मामांनी भीमसेनांच्या नावापुरता कानाला हात लावला आणि लगेच मुद्दा काढला.

मामा : पण भीमसेन स्वतः गात होते. तुझा लू माजॉही गातो. तुझ्या संमेलनात गाणार कोण? मुंबईहून बँड आणायचा तर त्याचं भाडं, हॉटेल, साउंड. शंभर माणसांत ते निघत नाही. आणि मूळ बँडवाले तर येणार नाहीत.

भाची : मूळ बँड फ्रेडी असताना भारतात कधी आलाच नाही. आणि चाहत्यांच्या संमेलनाला बँड लागतोच असं नाही. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये मार्क लॅपिडोस नावाच्या माणसानं बीटल्सच्या चाहत्यांचा मेळा भरवला, तेव्हा बीटल्स फुटून चार वर्षं झाली होती. हा माणूस रेकॉर्डच्या दुकानात मॅनेजर. सरळ जॉन लेननला गाठलं, कल्पना सांगितली, लेननला आवडली. तो मेळा अजून भरतो. तिथे लोक काय करतात? रेकॉर्ड विकतात, घेतात, प्रश्नमंजूषा होते, जुन्या फिल्म बघतात, हौशी पोरं गातात. क्वीनच्या फॅन क्लबची संमेलनंही इंग्लंडात अशीच होतात.

मामा : म्हणजे दिवसभर गप्पाच.

भाची : एक मिनिट. हे करून बघा. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. पुन्हा. पुन्हा.

मामांनी केलं. आम्ही तिघांनीही केलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं.

मामा : हे मला येतं. क्रिकेटच्या मॅचला वाजतं. आमच्या ढोलपथकात नवीन पोरांना पहिला ठेका देतो ना, तसंच आहे. चुकायची सोयच नाही.

भाची : चुकायची सोय नसावी म्हणूनच केलंय ते. १९७७ चा मे महिना, स्टॅफर्डचा बिंगली हॉल. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि लोक आपण होऊन फुटबॉलच्या मैदानावरचं एक गाणं म्हणायला लागले. गिटारवाला ब्रायन मे विचारात पडला: एवढ्या गर्दीत चेंगरून उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येईल, टाळी वाजवता येईल, ओरडता येईल. त्यातून 'वुई विल रॉक यू' आलं. त्यात ड्रम नाहीतच. स्टुडिओत लाकडी फळ्यांवर पाय आपटून घेतले आणि त्याच आवाजाचे थर असे मागेपुढे रचले की हजारोंचा जमाव वाटावा. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पुढे २००७ साली त्यानं खगोलभौतिकीतली पीएचडी पूर्ण केली. आवाजांमधलं अंतर त्यानं गणितानं बसवलंय.

मामा : म्हणजे गाण्यातली अर्धी मेहनत लोकांनी करायची.

भाची : तेच तर! 'रेडिओ गागा'च्या व्हिडिओत टाळ्या वाजवणारी पांढऱ्या कपड्यांतली गर्दी दिसते ना? ते पगारी नट नव्हेत, फॅन क्लबचे सभासद. १९८३ च्या नोव्हेंबरात बोलावून घेतले होते. आणि १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एडच्या वेळी वेम्ब्लीवर अख्ख्या स्टेडियमनं तीच टाळी दिली, कुणी शिकवली नव्हती. या बँडचे चाहते जमले की कार्यक्रम तिथेच तयार होतो. मला हॉल हवा, एक बरा स्पीकर आणि खाली लाकडी जमीन मिळाली तर सोन्याहून पिवळं.

इथून पुढे मामांचा सूर बदलला. आतापर्यंत ते गर्दीचं बोलत होते, आता कामाचं बोलायला लागले, आणि मला सांगायला हवं की संभाषणाचा हाच भाग मला सगळ्यात आवडला.

मामा : तिकीट लावणार?

भाची : लावावंच लागेल. हॉलचं भाडं कुठून येणार?

मामा : नको लावू. तिकीट लावलं की माणूस गिऱ्हाईक होतो. खुर्ची मोडकी, पंखा बंद, पैसे परत द्या. वर्गणी घेतली की तोच माणूस खुर्च्या लावायला येतो. पावती फाड, प्रवेश फुकट ठेव.

भाची : आणि गाण्यांचे हक्क? दुसऱ्याची गाणी लोकांसमोर वाजवायची तर परवाना लागतो. गाण्याच्या रचनेसाठी आयपीआरएस या संस्थेचा, रेकॉर्ड वाजवायची तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांच्या संस्थेचा वेगळा.

यातलं थोडं मला ठाऊक होतं, म्हणून बोललो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात एक सवलत आहे: हौशी मंडळानं बिनतिकीट प्रेक्षकांसमोर संगीतरचना सादर केली तर तो भंग मानत नाहीत. म्हणजे हौशी पोरांनी स्वतः गिटारवर वाजवलं आणि दारात पैसे घेतले नाहीत, तर मामांच्या मंडळाचा रिवाज कायद्यालाही धरून आहे. तिकीट लावलं की ती सवलत गेली. वर्गणी मात्र संमेलनाआधी सभासदांकडून घ्यावी, दारात डबा फिरवू नये. ध्वनिमुद्रित गाणी स्पीकरवर लावायची, कॉन्सर्टची फिल्म दाखवायची, तर त्याची परवानगी वेगळी. तरीही एकदा वकिलाला विचारून घे, असं मी भाचीला सांगितलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कायदा त्यांनीच लिहिला होता.

मामा : बघ. आता टी-शर्ट. पांडेसऱ्यात माझा माणूस आहे. रात्री डिझाइन दे, सकाळी लॉट तयार. तो सिंहाचा, पंखांचा छाप आहे ना त्यांचा?

भाची : तो छाप फ्रेडीनं स्वतः काढलाय. ईलिंगच्या कॉलेजात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. चौघांच्या राशी आहेत त्यात: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या. पऱ्या म्हणजे कन्या रास, त्याची स्वतःची. पण मामा, तो त्यांचा ट्रेडमार्क आहे. विकायचं सोडाच, मला छापायचाही नाही.

मामा : सुरतेत बसून हे बोलतेस? अर्ध्या देशाचं डिझाइन इथे कॉपी होतं.

भाची : माझंही होतं. सहा-सहा महिने बसून काढलेला बुट्टा आठवड्यात दुसऱ्याच्या साडीवर दिसतो. म्हणून तर नको म्हणते.

यावर मामांनी काही उत्तर दिलं नाही. मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, रिंग रोडच्या मार्केटातून पिवळं कापड आणा आणि ज्याचं त्यानं फ्रेडीचं १९८६ च्या दौऱ्यातलं ते पिवळं जॅकेट शिवून घाला. भाचीला ती कल्पना एवढी आवडली की तिनं तिथेच लिहून घेतली.

तारखेवर मात्र पुन्हा ठिणगी पडली. २०२६ च्या ५ सप्टेंबरला फ्रेडीच्या जन्माला ८० वर्षं होतात. शनिवार आहे. भाचीला तोच दिवस हवा.

मामा : आदल्या दिवशी जन्माष्टमी. पाच तारखेला दहीहंडी. लिंबायतचे रस्ते बंद, साउंडवाले सगळे बुक. आणि चौदाला गणपती बसतात, माझी पोरं मंडपात. तुझ्या संमेलनाला खुर्च्या कोण उचलणार? रविवार घे, सहा तारीख.

भाची : सहा सप्टेंबर? मामा, तुम्हाला माहीत आहे सहा सप्टेंबरला काय झालं होतं? २०१८ साली सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ बाबतचा निकाल दिला, समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत म्हणून. फ्रेडीच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. मग सहाच ठरली.

मामा : थांब. ते सगळं बोलायचंच का? बायामाणसं येतील, लहान पोरं येतील. गाणी वाजवा, जेवा, घरी जा. त्याचा आजार, त्याचे मित्र, कशाला काढायचं?

भाची : झांझिबारला हेच झालं. २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा कार्यक्रम ठरला होता, तिथल्या एका धार्मिक गटानं विरोध केला आणि तो रद्द झाला. ज्या गावात जन्मला त्या गावात. तुम्ही फलकावर त्याला आपला म्हणायला निघालात, मग आपल्या माणसाचा अर्धा भाग झाकून ठेवायचा? २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं जाहीर केलं की मला एड्स आहे, आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढच्या एप्रिलमध्ये बाकीच्या तिघांनी वेम्ब्लीवर कार्यक्रम केला, त्या पैशांतून एड्सच्या कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट निघाला. २०१० पासून चाहते त्याच्या वाढदिवशी नकली मिशा लावून त्या कामासाठी पैसे जमवतात. आपली वर्गणी उरली तर मलाही इथल्याच एचआयव्हीच्या कामाला द्यायचीय. तेव्हा लोकांना काय सांगू? सर्दीसाठी देतोय?

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग जे म्हणाले त्याची मला अपेक्षा नव्हती.

मामा : मिलमध्ये एक पोरगा होता आमच्या खात्यात. गावी गेला तो परत आला नाही. कशानं गेला ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी तोंडातून काढलं नाही. त्याच्या बायकोला कुणी भेटायला गेलं नाही. मीही नाही. ...ठेव तुझं ते सत्र. जेवणानंतर ठेव, लोक बसलेले असतात. पण एक डॉक्टर बोलव. तू बोलशील तर म्हणतील पोरगी काहीही बोलते.

भाची : डॉक्टर बोलवते.

बाकीच्या गोष्टी चटकन उरकल्या. जेवण शेवभाजी-पोळी की लोचो-खमण यावर दोघांचं एकमत झालं, दोन्ही. कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपणार. लाउडस्पीकरचा नियम मामांना नव्यानं सांगायची गरज नाही. हॉल निवडताना अग्निशमनाचा दाखला स्वतः पाहायचा आणि दुसरा जिना उघडा आहे की नाही ते स्वतः चढून बघायचं, हे मात्र मामांनी पुन्हापुन्हा बजावलं. २४ मे २०१९ ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये २२ मुलं गेली, तेव्हापासून या शहरात हा दाखला म्हणजे नुसता कागद राहिलेला नाही.

फलकाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. मामा 'दक्षिण गुजरातचा सुपुत्र'वरून उतरत उतरत 'बुलसारांच्या मुलखात' इथपर्यंत आले. भाचीला फक्त बँडचं नाव, तारीख आणि 'सुरत' एवढंच हवं. दोघांनी मला विचारलं.

मी भाचीच्या बाजूनं कौल दिला. तिकिटाबद्दल, तारखेबद्दल, डॉक्टरबद्दल मामा बरोबर होते आणि त्यांच्याशिवाय हे संमेलन उभंच राहणार नाही. पण आडनावामुळे आलेला माणूस फोटो काढून जेवणाआधी निघून जातो. गाण्यामुळे आलेला संध्याकाळपर्यंत पाय आपटत बसतो आणि पुढच्या वर्षी खुर्च्या लावायला येतो. पाचगणी, झांझिबार, वलसाड, सगळं आतल्या सत्रात सांगा, पाहिजे तर नकाशा लावून सांगा. फलकावर बुलसार नको.